खांबाजवळची जागा

ज्याला कुठल्याही समितीत अडकायचं नसेल, त्याने उपदेश चालू असताना मान हलवू नये. मी हलवली. खरं सांगायचं तर ती डुलकी होती. पण आमचे पाळकसाहेब नवे आहेत, तरुण आहेत, माणूस पटून मान डोलावतोय की झोपेने, हे ओळखायला अजून काही वर्षं जावी लागतील. ते म्हणत होते, "वर्षानुवर्षं आपण एका छताखाली बसतो, पण पलीकडच्या बाकावरच्या माणसाचं दुःख आपल्याला ठाऊक असतं का?" आणि नेमकी त्याच वेळी माझी मान खाली गेली, वर आली आणि पुन्हा खाली गेली.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात उभे राहून प्रत्येकाशी हात मिळवतात. माझा हात त्यांनी धरला तो सोडलाच नाही. मी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करतो. कुणाचं दुकान जळलं की ते जळण्याआधी त्यात माल होता का, हे बघायला मला पाठवतात. त्यामुळे कुणी माझा हात जरुरीपेक्षा जास्त वेळ धरला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

"तुम्हाला पटलेलं दिसलं," पाळकसाहेब म्हणाले.

"अगदी," मी म्हणालो. डुलकी लागली होती असं पाळकांच्या तोंडावर कोण सांगणार?

"मग सुचवा ना काहीतरी. मंडळीत सहभागिता वाढली पाहिजे, एकमेकांसाठी प्रार्थना झाली पाहिजे, सेवा झाली पाहिजे. कुठून सुरुवात करू या?"

मागे रांग खोळंबली होती. मी सुटण्यासाठी जे तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, "लोक दर रविवारी त्याच जागेवर बसतात, पाळकसाहेब. ओळखी होणार कशा? जागा बदलल्या पाहिजेत." त्यांचे डोळे चमकले आणि मी संपलो.

आता आमच्या चर्चमधल्या जागांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे कुणाचीही जागा राखीव नाही. तसा नियमच आहे, आणि आमच्या कमिटीचे सेक्रेटरी, म्हणजे निवृत्त हेडमास्तर, तो नियम प्रत्येक वार्षिक सभेत वाचून दाखवतात, स्वतःच्या ठरलेल्या जागेवर उभे राहून. त्यांची जागा दुसऱ्या बाकाच्या टोकाला. त्यामागे, चर्चमधला एकच पंखा जिथे मन लावून फिरतो तिथे, दातांचे डॉक्टर आणि त्यांचं कुटुंब. आणि डावीकडच्या जाड खांबाजवळ, जिथे वारा फिरकत नाही, तिथे मेट्रनबाई. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आवाजात अजून सगळा वॉर्ड शिल्लक असलेल्या. त्यांच्या बरोब्बर मागे मी आणि आमची ही. मेट्रनबाईंचा चेहरा कसा आहे हे मला नीट सांगता आलं नसतं, पण त्यांचा करडा अंबाडा, त्यातल्या काळ्या पिना आणि डाव्या खांद्यावर जरा जास्त ओढलेली शाल मी डोळे मिटून काढून दाखवली असती.

घरी आलो आणि बायकोला योजना सांगितली. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. अशा नजरेने मी जळालेल्या दुकानांच्या मालकांकडे बघतो.

"तुम्हाला पंख्याखाली बसायचंय का?"

"अगं, हे मंडळीच्या ऐक्यासाठी आहे."

"मग तसंच सांगा लोकांना. पंख्याचं बोलू नका."

"मी कुठे पंख्याचं बोललो?"

"तेच म्हणते मी, बोलू नका."

ज्या घरात वीस-पंचवीस वर्षं संसार केला तिथेच पहिला संशय घेतला गेला, तेव्हा बाहेर काय वाढून ठेवलंय ते मला कळायला हवं होतं. खालच्या मजल्यावरचे कॅशियर आमच्या चर्चचे नाहीत, पण सल्ला द्यायला त्यांना चर्चचं असावं लागत नाही. ते म्हणाले, "माणसाला स्वभाव बदल म्हणा, तो विचार करतो म्हणेल. जागा बदल म्हणू नका. आमच्या बँकेत एकाचं टेबल खिडकीपासून हातभर सरकवलं होतं. त्याने अजून साहेबांशी बोलणं टाकलंय, आणि साहेब तर कधीच बदलून गेले."

कमिटीपुढे विषय गेला. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून सुरुवात केली, आणि त्यानंतर प्रेमाचा म्हणून जो काही अंश खोलीत होता तो संपला. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "मुद्दा असा आहे की," ते म्हणाले, "कुणाची जागा ठरलेली नाही. जी गोष्ट ठरलेलीच नाही ती बदलायचा ठराव मांडता येत नाही."

"पण सगळे ठरलेल्या जागीच बसतात," मी म्हणालो.

"बसतात. पण तसं कुठे नमूद नाही."

शेवटी तोड निघाली ती अशी: आधी एक ठराव करून सर्वांच्या जागा ठरलेल्या आहेत हे मान्य करायचं, आणि लगेच दुसरा ठराव करून त्या रद्द करायच्या. पहिला ठराव लोकांना इतका आवडला की दुसरा नको म्हणू लागले. डॉक्टरांनी तर विचारलं, पहिल्या ठरावावरच आज थांबलं तर काय हरकत आहे? मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग छताला लटकणाऱ्या पंख्याकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. काही न बोलता माणसाला चोर ठरवायची ही कला दातांच्या डॉक्टरांना चांगली साधते, कारण समोरच्याच्या तोंडात बोळे कोंबून त्याचा कबुलीजबाब गृहीत धरायची त्यांना सवय असते.

मेट्रनबाई कमिटीत नव्हत्या, पण मागे येऊन बसल्या होत्या. त्या उठल्या.

"कल्पना कुणाची?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, पाळकसाहेबांनीसुद्धा.

"तुम्ही माझ्या मागे बसता. माझ्या पाठीचा त्रास होतो का तुम्हाला?"

"नाही हो, बाई. पाठीचा कसला त्रास?"

"मग मला कशाला उठवता? वॉर्डात मी कधी रोग्यांची कॉट बदलली नाही. रोगी बरा झाला की घरी जातो, नाही झाला की वर जातो. मधल्या मध्ये इकडून तिकडे कशाला?"

हा मुद्दा कमिटीच्या कामकाजात कुठे बसवायचा हे हेडमास्तरांना कळेना. दोन्ही ठराव मंजूर झाले. हेडमास्तरांनी बजावलं की आता वार्षिक सभेपर्यंत यात काडीचाही बदल होणार नाही. मेट्रनबाई माझ्याजवळून जाताना थांबल्या आणि "बघते मी," एवढंच म्हणाल्या. त्या दोन शब्दांचा मी पुढे बराच विचार केला.

पद्धत सोपी होती. दारात टोपली, टोपलीत बाकांचे आकडे लिहिलेले पत्ते. येणाऱ्याने डोळे झाकून एक पत्ता उचलायचा आणि त्या बाकावर जाऊन बसायचं. टोपली मी धरून उभा राहिलो, आणि लक्ष सगळं कोण बोटांच्या फटीतून बघतंय याकडे ठेवलं. सगळ्यात शेवटी उरलेल्यातला एक पत्ता मी उचलला. माझ्या नशिबी पंख्याखालचा बाक आला.

मी पत्ता लपवणार होतो, पण डॉक्टर मागे उभेच होते. "वा," ते म्हणाले. त्यांना स्वतःला भिंतीकडेचा, जिथे पावसाळ्यात ओल येते तो बाक आला होता. मी म्हणालो, बदलू या का? ते म्हणाले, "नको नको, ठराव म्हणजे ठराव." म्हणजे बदललं असतं तर मी ओशाळून बदललं असं झालं असतं, आणि नाही बदललं म्हणजे मी निर्ढावलेला. मी तासभर पंख्याखाली घाम गाळत बसलो.

बाकीच्यांची तऱ्हा काही वेगळी नव्हती. ज्या आजीबाईंना कमी ऐकू येतं त्या शेवटच्या बाकावर गेल्या आणि प्रत्येक वाक्यानंतर "काय म्हणाले?" असं शेजारणीला विचारू लागल्या. शेजारीण सांगू लागली. त्यामुळे आम्हाला उपदेश दोनदा ऐकावा लागला, आणि दुसरा जास्त सुटसुटीत होता. उंच शिंपी सगळ्यात पुढे बसल्यामुळे मागच्या तीन रांगांना पाळकसाहेब दिसेनासे झाले. जे गृहस्थ खांबाआड बसून नियमाने झोपत, ते व्यासपीठाच्या थेट समोर आले आणि तिथेही झोपले. बायकोला नेमका माझ्यापासून लांबचा पत्ता आला, आणि तिचा चेहरा मी पाहिला तर तो चांगलाच प्रसन्न होता. मला तेही खटकलं.

दुसऱ्या रविवारी मी सावध होतो. टोपली दुसऱ्याच्या हातात दिली आणि सगळ्यांच्या आधी पत्ता उचलला. पुन्हा पंख्याखालचाच बाक. या वेळी कुणी "वा"सुद्धा म्हटलं नाही, आणि ते जास्त लागलं. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "विमावाले आहेत, त्यांना सगळे खाचखळगे ठाऊक." त्यातून मला सर्दी झाली. सर्दी झालेल्या माणसाला पंख्याखाली बसण्याची हौस असते, असं मानणारी ही मंडळी आहे. दरम्यान हेडमास्तर मात्र दोन्ही रविवारी आपल्या जुन्याच जागेवर आढळले. योगायोगावर माझा धंद्यामुळेच विश्वास नाही, पण मी स्वतःच योगायोगात सापडलो असल्याने मला बोलता येईना.

तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर चहा होता. पाळकसाहेबांनी सहज विचारलं, "मेट्रनबाई दिसल्या नाहीत?"

"आहेत की," हेडमास्तर म्हणाले. "मागे बसल्या होत्या. शाल पाहिली मी."

"मागे कुठे? मला तर पुढे वाटल्या," डॉक्टर म्हणाले.

"गेल्या रविवारी माझ्या उजवीकडे होत्या," शिंपी म्हणाले, मग जरा थांबून म्हणाले, "नाही, त्या आजीबाई."

हळूहळू उलगडलं ते असं की मेट्रनबाईंना तिन्ही रविवार कुणीच पाहिलेलं नव्हतं. पुढच्यांना वाटलं मागे असतील, मागच्यांना वाटलं पुढे असतील. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. माझा नाही उतरला. मला एकदम सगळं लख्ख दिसलं. "बघते मी," म्हणाल्या होत्या ना? बाई चर्चच्या वरच्या कचेरीत तक्रार करण्याच्या मागे लागल्या असणार. तक्रार ठरावाविरुद्ध, आणि ठरावाचा कर्ता मी.

"मी चौकशी करतो," मी म्हणालो. पाळकसाहेबांना वाटलं, मी विचारपूस करायला जातोय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून देवाचे आभार मानले.

चौकशी म्हटली की माझी एक रीत आहे. थेट दार वाजवायचं नाही, आधी समोरून पाहायचं. मेट्रनबाईंच्या घरासमोर एक चपलांचं दुकान आहे. तिथे मी काही गरज नसताना चपला घालून पाहत बसलो. थोड्याच वेळात त्यांच्या जिन्यावरून एक गृहस्थ उतरले. हातात काळी बॅग, चेहरा गंभीर. वकील. मी मनातल्या मनात शाबासकी घेतली. एका पायात नवी चप्पल, एका पायात जुना बूट अशा अवस्थेत मी रस्ता ओलांडला, तेव्हा दुकानदाराने केलेला पुकारा सगळ्या गल्लीने ऐकला. माझ्यावर चोरीचा आळ येण्याचा तो त्या महिन्यातला दुसरा प्रसंग.

चपलेचा हिशेब मिटवून वर गेलो. दार नुसतंच लोटलेलं होतं.

"कोण?" आतून आवाज आला.

मेट्रनबाई खाटेवर होत्या. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, स्टुलावर ठेवलेला. काळ्या बॅगेचे गृहस्थ वकील नव्हते, हाडांचे डॉक्टर होते. मोरीत पाय घसरला होता, ठरावानंतरच्या आठवड्यातच. भाची येऊन दोन दिवस राहून गेली होती, तिला नोकरी होती. सकाळ-संध्याकाळ शेजारीण डोकावत होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "भेटीला आलात की चौकशीला?"

"भेटीला," मी म्हणालो. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. एका पायात अजून नवी चप्पलच होती.

मग त्या भिंतीकडे बघत बोलू लागल्या. आवाजात वॉर्ड नव्हता.

"पहिल्या रविवारी मी केस विंचरून बसले होते. शेजारणीकडून चादर बदलून घेतली. म्हटलं, खांबाजवळची जागा रिकामी दिसली की दुपारच्या आत कुणीतरी येईल. आजवर असंच होत आलंय. तुमच्या बायकोला टायफॉइड झाला तेव्हा मागच्या बाकावरून गाण्याचा आवाज आला नाही, म्हणून मी आले होते की नाही?"

आल्या होत्या. त्या वेळी मला वाटलं होतं, बाई घर बघायला आल्या.

"दुपार झाली तरी कुणी आलं नाही. मग आठवलं, माझी जागा आता रिकामी नसणार. तिथे दुसरं कुणी बसलेलं असणार." त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली. "दुसऱ्या रविवारी मी केस विंचरले नाहीत."

मला लाज वाटली. इतकी की रुमाल काढून मी सर्दीचं निमित्त केलं.

त्यांनी खाटेच्या कडेची कापडी पिशवी माझ्याकडे सरकवली. आत त्यांचं गीतांचं पुस्तक होतं आणि चर्चच्या बाकावरची बारीक उशी. उशी चर्चची होती, पाय दुखत म्हणून त्यांनीच शिवून दिली होती, आणि धुवायला घरी आणली होती. "हे पोहोचवा. आणि पाळकसाहेबांना सांगा, माझं नाव काढून टाका. कोपऱ्यावर दुसरं चर्च आहे, तिथे जाईन. तिथे कुणी मला ओळखत नाही. अनोळखी माणसांनी विचारलं नाही तर वाईट वाटत नाही."

"बाई, लोकांना कळलंच नाही..."

"मला वाटलं, मी विरोध केला म्हणून सगळ्यांनी मिळून मला टाकलं." त्या कोरडं हसल्या. "तुम्ही म्हणता कळलंच नाही. यातलं बरं कुठलं, ते तुम्हीच सांगा."

पुस्तक मी त्यांच्या उशाशी परत ठेवलं आणि फक्त उशी घेऊन निघालो. काहीतरी न्यायला हवं होतं, नाहीतर त्यांनी मला सोडलं नसतं.

घरी बायकोने माझ्या काखेतली उशी पाहिली. मी सगळं सांगितलं, चपलेचं सोडून. तिने मला एका शब्दानेही टोचलं नाही, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. डबा भरला आणि निघून गेली. संध्याकाळी मी गेलो तर जिन्यातच गर्दी. हेडमास्तरांची बायको भांडी घासत होती, शिंपी दाराची कडी बसवत होते, डॉक्टर प्लास्टर ठोकून बघत होते आणि बाई त्यांना सांगत होत्या की पाय म्हणजे दात नव्हे. पाळकसाहेब कोपऱ्यात हात जोडून उभे होते. तरीही, "रविवारी येणार ना?" असं विचारलं की बाई भिंतीकडे बघत. त्यांचा आमच्यावर विश्वास उरला नव्हता, आणि मी त्यांच्या जागी असतो तर माझाही उरला नसता.

"जागा पूर्ववत करून टाका," मी हेडमास्तरांना म्हणालो.

"वार्षिक सभेआधी शक्य नाही. तुमचाच ठराव आहे."

रविवारी सकाळी मी, हेडमास्तर, डॉक्टर आणि शिंपी असे चौघे खुर्ची घेऊन त्यांच्या घरी गेलो, बायको बरोबर होतीच. त्यांनी दार उघडायला लावलं, आम्हाला रांगेत उभं केलं, नखशिखांत पाहिलं. "पाडाल," म्हणाल्या. मग केस विंचरायला फणी मागितली. बायकोने दिली.

खाली उतरताना रोगी कसा उचलावा याचे धडे त्यांनी रोगी असतानाच दिले. चर्चच्या दारात खुर्ची अडकली. डॉक्टर म्हणाले तिरकी करा, हेडमास्तर म्हणाले सरळच ठेवा, आणि त्या वादात बाई अधांतरी राहिल्या. आत गाणं सुरू झालेलं. शेवटी त्यांनीच हुकूम सोडला, "माझ्या डावीकडचा, गुडघे वाकवा." डावीकडे मी होतो. मी वाकलो आणि खुर्ची आत गेली. माझी पॅन्ट मात्र मागून उसवली. शिंप्यांनी ते लगेच ओळखलं, पण चर्चमध्ये असल्यामुळे गप्प राहिले.

खांबाजवळ त्या बसल्या. मी उशी त्यांच्या पायाखाली ठेवली. दारातल्या टोपलीतून मी पत्ता उचललाच होता. बघितला तर पुन्हा पंखाच. तो पत्ता मी खिशात घातला आणि जाऊन मेट्रनबाईंच्या मागे बसलो, जिथे वारा येत नाही. बायको येऊन शेजारी बसली. मग बाक करकरले. आजीबाई उठून पुढे आल्या, शिंपी मागे गेले, डॉक्टर सहकुटुंब पंख्याखाली गेले, झोपणारे गृहस्थ खांबाआड गेले. उठले नाहीत ते एकटे हेडमास्तर. त्यांच्या हातात दुसऱ्या बाकाचा पत्ता होता, पहिल्या रविवारपासून तोच, टोपलीत कधी परतच न टाकलेला. अशा रीतीने त्या दिवशी ठरावाचं पालन त्यांनी एकट्यांनी केलं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना करायला मलाच सांगितलं. मला लोकांपुढे प्रार्थना जमत नाही. समोर करडा अंबाडा होता, पिना जागच्या जागी होत्या. मी म्हणालो, "देवा, समोरची पाठ दिसली नाही तर घरी जायची आठवण आम्हाला दे. आमेन." शाल डाव्या खांद्यावर आणखी वर ओढली गेली. त्या रडत होत्या की काय मला माहीत नाही. मागून कळत नाही.

पुढे वार्षिक सभेत दुसरा ठराव रीतसर रद्द झाला, आणि पहिला ठराव रद्द करायचं सगळे विसरले. म्हणजे आता आमच्या जागा अधिकृतपणे ठरलेल्या आहेत.

हे सगळं संपलं असं मी समजत होतो. परवाच्या रविवारी बायको बहिणीकडे गेली होती. पहाटे जाग आली, अंथरूण ऊबदार होतं, आणि मी विचार केला की आज एक दिवस नाही गेलो तर कुणाचं काय बिघडणार आहे. मस्त झोपलो. उपासना सुटायची वेळ झाली आणि जिन्यावर काठीचा आवाज आला. मागोमाग आणखी पावलं. मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

सकाळी दूध घेऊन मी दार नुसतंच लोटलं होतं. मेट्रनबाई आत आल्या. मागे पाळकसाहेब, डॉक्टर, शिंपी आणि हेडमास्तर, सगळे धापा टाकत. बाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तो जरा जास्त वेळ तिथेच राहू दिला. मला तो स्पर्श ओळखीचा वाटला. चौकशी मीही अशीच करतो.

"ताप नाही," त्या म्हणाल्या.

मी खोकलो.

पाळकसाहेबांनी लगेच सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं आणि माझ्या आजारासाठी प्रार्थना केली. चांगली लांब आणि कळवळून केली. डोळे मिटून मी पडून राहिलो. आजार खोटा होता, पण बरं खरोखरच वाटत होतं, आणि याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

जाताना बाकीचे स्वयंपाकघरात चहाचं बघायला वळले, तेव्हा मेट्रनबाई खाटेशी वाकल्या.

"सोंग बरं जमतं तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या. "पण आलो की नाही आम्ही?"

मी हो म्हणालो. त्यांनी पांघरूण नीट खोचलं आणि काठी टेकत निघून गेल्या. मी मात्र दुपारपर्यंत अंथरुणातच राहिलो, कारण हेडमास्तर दुसरा कप घेऊन खुर्चीत बसले होते आणि त्यांना माझा संशय आलेला दिसत होता.